कापूस चुकत नाही

(हेडफोनवरचं बोलणं. ताई भाड्याच्या घरात, काका औषधांच्या गोदामात. दुपार.)

काका: …तर तो ड्रायव्हर मला म्हणतो, काका, ती गन माझ्याकडे रोखू नका, धडकी भरते. एवढ्या मिशा आणि हा जीव! म्हटलं, बाबा, ही गोळी मारत नाही, खोकी शोधते. तुझ्यावर कुठे चिप लावलीये?

ताई: काका, हसवू नका. मी हसले की ठमी उठेल. आत्ता कुठे डोळा लागलाय तिचा. आधी खोक्याचं सांगा. गनचा आवाज वाढतोय का?

काका: वाढतोय की. मघाशी नुसतं टुण… टुण होतं, आता टुणटुणटुण लागलंय. इथेच आहे कुठेतरी. जाणार कुठे? पाय आहेत का त्याला?

ताई: माझ्या स्क्रीनवर ते अजून गोदामात आलेलंच नाही. ट्रकमधून उतरलं, पण तुमच्या गेटमधून गेल्याची नोंद नाही. त्याच्या पुढच्या-मागच्या सगळ्यांची आहे.

काका: गेटला डुलकी लागली असेल. दुपारची वेळ आहे.

ताई: गेटला डुलकी लागत नाही. म्हणून तर तुमच्याकडची माणसं कमी केली ना.

काका: हे मात्र वर्मावर बोललात. थांबा, सापडलं! वरच्या फळीवर शहाण्यासारखं बसलंय. कापसाचे रोल. मारू गन?

ताई: मारा… आलं. हिरवं झालं.

काका: चला, गंगेत घोडं न्हालं. ठेवताय मग?

ताई: नाही. थांबा जरा. मला बोलायचंय तुमच्याशी.

काका: बोला की. माझ्याकडे कुठे माणसं रांग लावून उभी आहेत.

ताई: आज आमच्या ऑफिसच्या मॅडमचा फोन यायचाय. आता येईल कधीही. तुमच्या गेटवर न वाचलेली खोकी फार वाढलीत. ती का वाढली, त्याचं कारण मला द्यायचंय.

काका: सांगून टाका, गेट खराब आहे.

ताई: परवा कंपनीचा माणूस तपासून गेला ना. गेट ठणठणीत आहे. आता गेट नाही म्हटल्यावर मॅडमचं गणित सोपं आहे. मग माणूस.

काका: माणूस म्हणजे मीच. इथे दुसरं आहे कोण? एक मी आणि एक छताला घरटं केलेलं कबूतर. तिची बायको सोडून गेलीये बहुतेक, एकटंच घुमत असतं.

ताई: तिची नाही हो, त्याची.

काका: त्याची. तुम्ही शिकलेल्या.

ताई: काका, मी चेष्टा करत नाहीये. माणूस चुकतोय असं वर गेलं, तर पुढे काय होतं माहितीये ना?

काका: ठेकेदार गेटपास काढून घेतो. चहासुद्धा पाजत नाही. क्रेनवाल्याचा तसाच घेतला. त्याचा डबा आतच राहिला, तो मी नेऊन दिला घरी.

ताई: म्हणून म्हणते, मला कारण हवंय. मी सकाळपासून नोंदी उलटसुलट करून बघतेय, माझं तर डोकं… झालं. उठली.

काका: उठू दे की, लेकरूच ते.

ताई: आले, आले, ठमाबाई. काय झालं? कुठे ओलं झालंय? काका, स्पीकरवर टाकते तुम्हाला, हात रिकामे नाहीत.

काका: कोण उठलं? ठमाबाई उठल्या? आईला जरा टेकू देत नाही ना? काय म्हणावं या बाईला! गोदामातल्या आजोबांनी हातातलं खोकं टाकून पळत यायचं का?

ताई: बघा. गप्प. फोनकडेच टक लावलीये. बाबाचा व्हिडिओ कॉल आला की तोंड फिरवते, आणि तुमचा नुसता आवाज आला की ही अशी.

काका: माझा चेहरा दिसत नाही, म्हणून तर. साहेब बोटीवरच आहेत अजून?

ताई: अजून. आवाज इकडे पोचेपर्यंत त्याचं पुढचं वाक्य सुरू झालेलं असतं. मग दोघंही थांबतो. मग दोघंही एकदम बोलतो. मग तो म्हणतो, जाऊ दे, ठेवतो.

काका: हं.

ताई: काका, परवा हिला डॉक्टरांकडे नेलं होतं. हिच्या वयाची मुलं निदान आई-बाबा म्हणतात. ही काहीच नाही.

काका: अहो, आमचा पुतण्या कितीतरी मोठा होईस्तोवर मुका होता. आता तोंड मिटत नाही त्याचं.

ताई: सगळे हेच म्हणतात. डॉक्टरांनी विचारलं, घरात कोण कोण बोलतं? म्हटलं, मी बोलते हिच्याशी दिवसभर. तर म्हणाले, ते नाही. तुम्ही कोणाशी बोलता? मुलं बोलणं शिकतात ते दोन मोठ्या माणसांचं ऐकून.

काका: मग?

ताई: मग मी म्हटलं, काका असतात ना.

काका: काका म्हणजे?

ताई: तुम्ही.

काका: डॉक्टरला? माझं सांगितलंत?

ताई: त्यांना वाटलं, घरातलेच कोणी. म्हणाले, छान, काकांना म्हणावं जास्त गप्पा मारा. मी दुरुस्त केलं नाही. रागावलात?

काका: छे. चष्मा पुसतोय. धूळ फार आहे इथे. ठमाबाई, ऐकताय ना? डॉक्टरचा हुकूम आहे म्हणे. तर ऐका. आजोबांकडे आहे एक मोठ्ठं दार. आणि खोक्यावर असते एक चिठ्ठी, तिच्यात एवढीशी चिप, तुझ्या नखाएवढी. खोकं दारातून गेलं की दार आपलं आपणच वाचतं, हे कोण, कुठून आलं, कुठे चाललं, आणि तुझ्या आईच्या स्क्रीनवर पाठवून देतं. आजोबांना तोंड उघडायचं कामच नाही.

ताई: बघा कशी ऐकतेय.

काका: आणि आधी काय होतं माहितीये? आम्ही सगळे ओरडून मोजायचो. एकाने आकडा टाकायचा, दुसऱ्याने उचलायचा, मध्येच कोणीतरी शिंकायचा की सगळं मुसळ केरात. मग भांडण. तू चुकलास, तुझा बाप चुकला. सगळं परत पहिल्यापासून. ट्रकवाला कपाळाला हात लावून बसायचा. फार मजा यायची, ठमाबाई. आता एक चूक होत नाही.

ताई: मला वाटतं, तसला एक टॅग हिच्या झबल्यालाच लावावा. आणि बाल्कनीच्या दाराला एक गेट. अंघोळ करतानासुद्धा मी नळ बंद करून कानोसा घेत असते. हसू नका, खरंच. परवा तर साबण डोळ्यांत तसाच घेऊन बाहेर आले, ही आपली चमचा चाटत बसलेली.

काका: टॅगचा उपयोग नाही व्हायचा. अंगाला चिकटला की वाचतच नाही तो. माणूस म्हणजे पाण्याचा माठ. छातीशी घट्ट धरला, की गेट आंधळं. हॅलो? गेलात काय?

ताई: आहे. काका, हे तुम्हाला कोणी सांगितलं?

काका: कोण सांगणार? असंच. कळतं काम करता करता.

ताई: कामात कसं कळेल? खोकी ट्रॉलीवरून जातात. चुकलंच तर सलाइन चुकतं, कारण पाणी. पत्र्याचे डबे चुकतात, कारण पत्रा. पण कापूस चुकत नाही, काका. कापसातून आरपार वाचतं. सकाळपासून मला तेच कळत नव्हतं. तुमच्याकडे चुकतोय तो फक्त कापूस. सलाइनचं एकसुद्धा खोकं नाही.

काका: सलाइनचं खोकं जड असतं.

ताई: हो ना. ते छातीशी धरून चालता येत नाही.

काका: …हे बोलणं रेकॉर्ड होतं ना, ताई?

ताई: होतं. ऐकायला माणूस ठेवलेला नाही. बोला.

काका: काय बोलू? तुम्हाला कळलंय.

ताई: मला तुमच्या तोंडून ऐकायचंय.

काका: अहो, पहिल्यांदा सहज झालं. ट्रॉलीचं चाक अडकलं होतं, म्हणून एक खोकं उचलून आणलं, असं कवटाळून. थोड्या वेळाने हा हेडफोन वाजला. तुम्ही म्हणालात, काका, एक खोकं दिसत नाहीये, जरा बघता का? आणि मग ठमी रडायला लागली, आणि तुम्ही म्हणालात, थांबा हं, जाऊ नका. आठवतंय?

ताई: नाही.

काका: तुम्हाला कसं आठवेल. मला आठवतं. जाऊ नका असं मला कोणी म्हटलं नव्हतं बऱ्याच दिवसांत. म्हटलंच तर, जरा बाजूला सरका म्हणतात.

ताई: मग तुम्ही फोन करायचा ना मला! सरळ!

काका: माझ्याकडून लागतच नाही, ताई. या डब्यावर फोन फक्त तिकडून येतो. मोबाइल बाहेर कपाटात, आत आणू देत नाहीत. तुमचा फोन यायला हवा असेल, तर इथे काहीतरी हरवायला लागतं.

ताई: आणि मी इकडे! मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. ठमीच्या नादात मीच एखादी नोंद सोडतेय, मला कामावरून काढतील. मी नोंदी ताडून ताडून डोळे फोडून घेतले, काका. आणि एखाद्या दिवशी कापसाऐवजी कोणाचं औषध अडकलं असतं म्हणजे?

काका: म्हणून तर कापूस. कोणाचं काही अडू नये, एवढं बघूनच उचलायचो. आणि शोधायला कधी वेळ लावला का मी?

ताई: लावायचात! आत्तासुद्धा तुम्हाला माहीत होतं ते कुठल्या फळीवर आहे!

काका: …ते होतं.

ताई: आणि गनचा टुणटुण ऐकवत बसलात मला.

काका: ड्रायव्हरची गोष्ट पुरी व्हायची होती. हसलात ना? हसलात. ऐकू आलं.

ताई: मी हसले नाही. मला रडू येतंय. आणि मी तरी कुठे धुतल्या तांदळासारखी आहे! नियम काय आहे माहितीये? खोकं दिसलं नाही तर आधी थांबायचं. बहुतेक वेळा पुढच्या मोजणीच्या फेरीत ते आपोआप सापडतं. मी कधी थांबलेच नाही. लाल दिसलं की लावलाच फोन.

काका: म्हणजे?

ताई: म्हणजे काय म्हणजे. तेच.

काका: अगं पोरी… म्हणजे, अहो ताई.

ताई: मॅडमचा फोन येतोय. काय सांगू?

काका: खरं सांगा. तुमच्या नोकरीला धक्का लागता कामा नये. लेकरू आहे तुमचं. मला काय, भावाच्या घरी एक खोली आहे. वहिनी ताट झाकून ठेवते. उपाशी मरत नाही मी.

ताई: आणि दिवसभर काय करणार तिथे?

काका: ते नका विचारू.

ताई: लाइनवर राहा. काही बोलू नका, विचारलं तरच बोला. हॅलो, मॅडम?

मॅडम: हं, ऐकतेय. बॅकग्राउंडला कोण आहे, बाळ? असू दे. काकाही लाइनवर दिसतायत. बरं झालं. कारण सापडलं का?

ताई: सापडलं, मॅडम. गेट नीट आहे.

मॅडम: म्हणजे माणूस.

ताई: म्हणजे चिपचं लेबल. आपण लेबल एकाच बाजूला लावतो. हलकी खोकी असली की काका ती हातात उचलून आणतात, छातीशी धरून. लेबल आतल्या बाजूला गेलं, अंगाला टेकलं, की वाचलं जात नाही.

मॅडम: उचलून का? ट्रॉली असते ना?

ताई: माणूस एकच आहे तिथे. ट्रक उतरवायला एक, ट्रॉली ढकलायला तोच. ट्रॉलीचं चाकही अडकतं. एकट्या माणसाच्या हातून असंच होणार. तो कोणीही असला तरी.

मॅडम: काका, हे बरोबर आहे? तुम्ही हातात घेऊन येता?

काका: येतो, मॅडम. छातीशी धरून. ते खरं आहे.

मॅडम: ओके. मग उपाय काय? ताई, तू सांग.

ताई: लेबल… लेबल दोन लावायची. समोरासमोरच्या बाजूंना. एक झाकलं गेलं तरी दुसरं वाचलं जाईल. कसंही धरलं तरी.

मॅडम: मग चुकणारच नाही.

ताई: नाही. कापूस तर नाहीच.

मॅडम: गुड. एवढी साधी गोष्ट, आणि आम्ही नवीन गेट घ्यायला निघालो होतो. सोमवारपासून दुसरं लेबल सुरू करू. काका, तुम्ही आहात तसेच चालू ठेवा. फक्त पाठ सांभाळा, काय?

काका: हो, मॅडम.

मॅडम: आणि ताई, मग या गोदामाला फोनवरचा माणूस लागणार नाही. घाबरू नकोस, तुला काढत नाहीये. लेबलांचे फोटो तपासायचं काम आहे, तिकडे टाकते तुला. तिथे कोणाला फोन नाही, कोणाचा येत नाही. आवाज नाही, काही नाही. घरात बाळ आहे, तुला सोयीचंच पडेल.

ताई: हो. थँक यू, मॅडम.

मॅडम: चल, ठेवते. उत्तम काम केलंस.

ताई: गेल्या त्या. काका?

काका: आहे. एक शब्द खोटा बोलला नाहीत.

ताई: नाही.

काका: आणि सगळं निभावून नेलंत. मी तर श्वास रोखून धरला होता. ते कबूतर पण घुमायचं थांबलं.

ताई: दुसरं काहीच सुचलं नाही हो मला. मी विचार करत होते, लेबलाचं सांगू नये, दुसरं काहीतरी सांगावं. पण मग परत वाढलं असतं, परत तपासलं असतं, आणि मग…

काका: मग माझा पास. कळतंय मला. अहो, मला का समजावताय?

ताई: मी स्वतःलाच समजावतेय.

काका: ठमाबाई काय करतायत?

ताई: फोनची वायर चावतेय. सोड गं ते. काका, ऐका. माझा नंबर घ्या. माझा स्वतःचा. संध्याकाळी घरी गेलात की लावा.

काका: घरून?

ताई: हो, घरून. त्यात काय?

काका: घरून काय बोलू, ताई? तिथे टीव्ही चालू असतो, पुतणे असतात. मी फोन कानाला लावला तर सगळे बघतील, याला कोणाचा आला म्हणून. आणि खरं सांगू? नुसतं बोलायला मला येत नाही. हातात गन असली, काहीतरी शोधायचं असलं, की मग येतं सुचत एकेक.

ताई: मग मी बोलेन. तुम्ही नुसतं हं हं करा.

काका: नको. नंबर घेतला आणि लावला नाही, तर ते खात राहील मला. नसलेला बरा.

ताई: मी तुमचं नावसुद्धा विचारलं नाही कधी.

काका: काका चाललं की एवढे दिवस. डॉक्टरला पण चाललं.

ताई: पुढच्या वेळी त्यांनी विचारलं तर काय सांगू?

काका: सांगा, काका गावाला गेलेत. माणसं जातात की गावाला.

ताई: काका, रविवारपर्यंत आहे अजून. सोमवारपासून म्हणाल्या त्या.

काका: नको, ताई. आता मला कळलंय आणि तुम्हालाही कळलंय. आता खोकं कवटाळून त्या दारातून जायला मला लाज वाटेल. ट्रॉलीनेच आणीन. चाकात तेल घातलं की होतं ते नीट.

ताई: हं.

काका: जेवलात का तुम्ही?

ताई: जेवेन.

काका: जेवेन नाही. जेवा आधी. ट्रक येऊन उभा राहिला बघा बाहेर, हॉर्न मारतोय. मला जायला हवं.

ताई: जा ना मग.

काका: जातो. बंद करा तुम्ही.

ताई: तुम्ही करा.

काका: माझ्याकडे बटण नाहीये, ताई. तुम्हालाच करावं लागतं.

ताई: माहितीये.